कार्डात पैसे आहेत, तरी मशीन 'नाही' म्हणतं

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात कुठल्याही मोठ्या दुकानात हे बघायला मिळतं. कंपनीने दिलेलं नवंकोरं गिफ्ट कार्ड कुणीतरी पुढे करतं, काउंटरवरचा मुलगा ते मशीनमध्ये घालतो, मशीन क्षणभर थांबतं आणि पडद्यावर 'डिक्लाइन्ड' उमटतं. मागे रांग वाढत असते. 'दुसरं कार्ड आहे का?' असं मुलगा विचारतो आणि विषय तिथेच मिटतो. साडीचे पैसे नेहमीच्या डेबिट कार्डावरून किंवा यूपीआयने दिले जातात. गिफ्ट कार्ड घरी कपाटाच्या खणात जातं आणि बऱ्याचदा तिथेच त्याची मुदत संपते.

हे टाळता येतं, म्हणून हा आढावा. गिफ्ट कार्ड नाकारलं जाण्याची कारणं मोजकी आहेत आणि त्यांतली बरीचशी काउंटरवर उभ्या उभ्या दूर होतात. खरी अडचण वेगळी आहे. नेहमीच्या कार्डाचं काही बिनसलं तर बँक आपल्याला ओळखते. आपला मोबाइल नंबर, पत्ता, खातं सगळं तिच्याकडे असतं. गिफ्ट कार्डाच्या बाबतीत ती ओळखते कार्ड विकत घेणाऱ्याला. ज्याच्या हातात कार्ड आहे तो तिच्या दप्तरी बहुधा नसतोच. नकाराची निम्मी कारणं या एका गोष्टीतून निघतात आणि नकारानंतरची धावपळही.

मशीन नेमकं काय करतं ते आधी पाहू. कार्ड लावलं की दुकानदाराच्या बँकेकडून व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांपैकी ज्याचं कार्ड असेल त्या जाळ्यामार्फत कार्ड काढणाऱ्या बँकेकडे एक प्रश्न जातो: एवढी रक्कम देऊ का? उत्तर दोन आकडी संकेतांकात येतं. या देवाणघेवाणीचं आंतरराष्ट्रीय प्रमाण आयएसओ ८५८३ या नावाने १९८७ पासून आहे आणि आजही बहुतेक कार्डयंत्रणा त्याच घडणीवर चालते. ५१ आला तर शिल्लक अपुरी. ५४ म्हणजे मुदत संपलेली. ५५ म्हणजे पिन चुकला आणि ७५ म्हणजे पिन इतक्या वेळा चुकला की आता कार्डच थांबवलं. १४ म्हणजे या नंबरचं कार्ड सापडत नाही. टाइप करताना आकडा चुकला की हा येतो. ५७ म्हणजे या प्रकारच्या व्यवहाराला हे कार्ड चालत नाही. ९१ म्हणजे बँकेची यंत्रणाच उत्तर देत नाही. तेव्हा अर्ध्या तासाने पुन्हा पाहायचं. आणि ०५ म्हणजे कारण न सांगता दिलेला नकार. तो आला की बँकेला फोन करण्यावाचून मार्ग नसतो.

हा संकेतांक दुकानातल्या मशीनपर्यंत पोहोचलेला असतो. कित्येक मशीनं तो नकाराच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात छापतात. ती चिठ्ठी दुकानदार चुरगाळून टाकतो, कारण त्याच्या दृष्टीने व्यवहार झालेलाच नाही. ती मागून घ्यावी. ५१ असेल तर रक्कम कमी करून पाहण्यात अर्थ आहे, ५७ असेल तर नाही, आणि ७५ असेल तर पुढचा प्रत्येक प्रयत्न वाया जाणार. एवढं सगळं त्या दोन आकड्यांत असताना ग्राहकाला एकच शब्द दाखवायचा, हे मला मुळातच गैर वाटतं. नकाराचं कारण मराठीत किंवा हिंदीत छापायला असा काय मोठा खर्च येणार आहे?

आता कार्ड कुठल्या जातीचं आहे ते पाहायला हवं, कारण दाद कुठे मागायची ते त्यावर ठरतं. काही कार्डं एकाच दुकानाची किंवा एकाच साखळीची असतात. ती त्या दुकानातच चालतात, आणि अशा बंदिस्त कार्डांना रिझर्व्ह बँक भरणा व्यवस्था मानत नाही. तिची परवानगी लागत नाही आणि तिचे नियमही त्यांना लागू होत नाहीत. ज्यांच्यावर व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेचं चिन्ह असतं ती मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येतात. भरणा व तडजोड व्यवस्था कायदा २००७ चा. त्याखाली प्रीपेड साधनांसाठीचे सविस्तर निर्देश रिझर्व्ह बँकेने २७ ऑगस्ट २०२१ रोजी काढले आणि त्यांत गिफ्ट कार्डाला स्वतंत्र जागा दिली. एका कार्डात जास्तीत जास्त १०,००० रुपये. पुन्हा पैसे भरता येणार नाहीत. त्यातून रोख काढता येणार नाही आणि दुसऱ्याच्या खात्यात पैसेही पाठवता येणार नाहीत. म्हणून गिफ्ट कार्ड एटीएममध्ये घातलं तर ते नाकारलं जाणारच. त्यात बिघाड काही नाही, नियमच तसा आहे. यूपीआयला जोडण्याचं थोडं वेगळं: ती सोय गिफ्ट कार्डावर द्यायची की नाही हे कार्ड काढणाऱ्यावर सोडलं आहे आणि बहुतेक जण देत नाहीत.

नकाराचं सगळ्यात साधं आणि सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे बिल कार्डातल्या शिलकीपेक्षा थोडं जास्त असणं. कार्ड २,००० रुपयांचं, बिल २,१४० रुपयांचं. ग्राहकाची समजूत अशी की २,००० कार्डातून जातील आणि वरचे १४० मशीन मागेल. आपल्याकडची बहुतेक मशीनं तसं करत नाहीत; पूर्ण रक्कम मिळत नसेल तर सरळ नकार. अशा वेळी काउंटरवर आधीच सांगायचं: 'कार्डावरून २,००० घ्या, उरलेले यूपीआयने देतो.' दुकानदाराला एकाच बिलाचे दोन भाग करून घेता येतात. त्याला फक्त नेमका आकडा सांगावा लागतो. आणि तो आकडा ग्राहकालाच ठाऊक असायला हवा, कारण गिफ्ट कार्डाची शिल्लक दुकानातल्या मशीनवर दिसत नाही. एकदा वापरलेल्या कार्डात ६३७ रुपये उरलेत की ७३७, हे आठवणीवर सोडू नये. कार्डाच्या पाठीवर छापलेल्या नंबरवर किंवा बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर शिल्लक पाहता येते. गुगलवर शोधून सापडलेल्या 'बॅलन्स तपासा' अशा पानावर कार्डाचा नंबर टाकू नये. त्यातली काही पानं नंबर चोरण्यासाठीच उभी केलेली असतात.

ऑनलाइन खरेदीत बिलाचे दोन भाग करणं अवघड जातं, कारण बऱ्याच दुकानांच्या पानावर एका ऑर्डरला एकच कार्ड घेतात. तिथे सोपा उपाय हा की शिलकीपेक्षा कमी किमतीची वस्तू घ्यायची आणि पोहोचवण्याचं शुल्क धरून बेरीज करायची. कित्येकदा वस्तू शिलकीत बसते, शुल्क बसत नाही.

यापेक्षा चकवणारी गोष्ट म्हणजे अडकून पडलेली रक्कम. समजा, ऑनलाइन पैसे भरताना मधेच पान गोठलं. दुकानाला वाटलं पैसे आले नाहीत. बँकेने मात्र रक्कम बाजूला काढून ठेवली. आता आपण पुन्हा प्रयत्न केला की बँक म्हणते शिल्लक अपुरी, आणि ते खरंच असतं. पहिला नकार तांत्रिक, दुसरा खरा. माणूस वैतागून तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तेच करतो. एखाद्या वेळी सीव्हीव्ही चुकतो आणि मग संशयाने कार्डच थांबवलं जातं. म्हणून ऑनलाइन एकदा फसलं की लगेच पुन्हा न करता आधी शिल्लक तपासावी. अशा अर्धवट व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात मुदत घातली आहे. कार्डातून पैसे गेले आणि दुकानाला पावती पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. ही भरपाई मागावी लागत नाही, ती आपणहून द्यायची असते. प्रत्यक्षात ती मिळाली नाही तर मागायला लाजू नये.

पुढचा अडथळा ओटीपीचा, आणि इथे 'ग्राहक कोण' हा प्रश्न थेट समोर येतो. गिफ्ट कार्डाच्या व्यवहाराला दुसऱ्या टप्प्याची खात्री रिझर्व्ह बँकेने सक्तीची केलेली नाही. तरीही अनेक बँका ऑनलाइन खरेदीला ओटीपी मागतात, आणि तो नोंदवलेल्या मोबाइलवर जातो. कार्ड बापाने विकत घेऊन मुलीला दिलेलं असेल तर ओटीपी बापाच्या फोनवर वाजतो आणि मुलगी कॉलेजातून त्याला फोन करत राहते. निदान ते एका घरातलं. कंपनीने दोनशे कार्डं एकदम घेतली असतील तर नोंदवलेला नंबर कधी कधी मनुष्यबळ विभागातल्या एखाद्याचा असतो. त्याला दिवाळीच्या सुट्टीत वेळी-अवेळी अनोळखी ओटीपी येतात आणि इकडे कर्मचाऱ्याला कळत नाही की ओटीपी का येईना. काही बँका कार्ड वापरणाऱ्याला स्वतःचा मोबाइल नोंदवू देतात. कार्डासोबतच्या घडीपत्रकात ती पद्धत दिलेली असते. ते पत्रक पाकिटाबरोबर फेकून दिलं जातं, हीच पंचाईत. गिफ्ट कार्ड घेणाऱ्या कंपन्यांनी प्रत्येक कार्डाला ज्याचा त्याचा मोबाइल नंबर नोंदवूनच वाटप करावं असं मला कळकळीने वाटतं. बरीच वर्षं मालकाने दिलेल्या ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटीवर कर लागत नसे, म्हणून त्या रकमेची कार्डं कार्यालयांत हजारोंनी वाटली गेली. वाटताना एक रकाना जास्त भरला असता तर केवढा मनस्ताप वाचला असता.

कार्ड चालू झालेलं नसणं हेही त्याच साखळीतलं. बँकेकडून येणारी कार्डं बऱ्याचदा बंद अवस्थेत येतात आणि खरेदीदाराने यादी पाठवल्यावर चालू होतात. यादीत एक आकडा चुकला की एका माणसाचं कार्ड मेलेलं. त्याने बँकेला कितीही समजावलं तरी उपयोग नाही. दुरुस्ती खरेदीदाराकडूनच व्हावी लागते.

कार्ड चालू असलं तरी त्याच्या सगळ्या सोयी चालू असतीलच असं नाही. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की नवं कार्ड देताना ते फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनवर, तेही मशीनमध्ये घालून वापरण्यापुरतं चालू असावं. ऑनलाइन, टेकवून आणि परदेशात वापरायची सोय ग्राहकाने स्वतः चालू करावी. गिफ्ट कार्डांवर हे बंधनकारक नाही असं त्याच परिपत्रकात नमूद आहे. म्हणजे प्रत्येक बँकेचं धोरण वेगळं. एका बँकेचं कार्ड पहिल्या दिवसापासून ऑनलाइन चालतं, दुसऱ्या बँकेचं नुसतं टेकवलं तरी नकार मिळतो आणि मशीनमध्ये घातलं की चालतं. चिपचंही असंच. बाकी प्रीपेड कार्डांना चिप आणि पिन आवश्यक आहे, पण गिफ्ट कार्ड त्यांच्याशिवायही काढता येतं. नुसत्या काळ्या पट्टीचं कार्ड हातात आलं तर ते घासावं लागतं. आजच्या मशीनवर काम करणाऱ्या मुलाने घासायचं कार्ड क्वचितच पाहिलेलं असतं. तो ते चिपच्या खाचेत घालतो, मशीन वाचू शकत नाही, आणि तो म्हणतो कार्ड खराब आहे. कार्ड उलटून पाहावं: पुढे सोनेरी चौकोन नसेल तर 'घासून बघा' असं सांगावं.

दरमहा आपोआप पैसे कापून घेणाऱ्या सेवांना, म्हणजे चित्रपट-गाण्यांच्या ॲपना, गिफ्ट कार्ड सहसा चालत नाही. अशा कपातीसाठी १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डधारकाची आगाऊ संमती बँकेकडे नोंदवावी लागते, आणि ज्या कार्डाचा धारकच बँकेला माहीत नाही त्याची संमती कोण घेणार? शिवाय कार्डाचे सुरुवातीचे आकडेच दुकानाला सांगतात की हे प्रीपेड आहे. पूर्वी पहिल्या सहा आकड्यांवरून हे कळायचं. एप्रिल २०२२ पासून व्हिसा आणि मास्टरकार्ड आठ आकडे वापरतात. काही सेवा हे आकडे पाहूनच प्रीपेड कार्ड परत पाठवतात. तिथे बँकेला फोन करून काही होत नाही, कारण बँकेपर्यंत प्रश्न गेलेलाच नसतो.

हे झालं आपल्याकडचं. पण गिफ्ट कार्डाचं खरं घर अमेरिका. तिथे ती किराणा दुकानात, औषधाच्या दुकानात फळीवर टांगलेली असतात, आणि पुण्या-नागपुराहून शिकायला गेलेल्या मुलांच्या हातात नातेवाइकांकडून पहिल्याच महिन्यात एखादं येतं. तिथल्या नकाराची कारणं आपल्यापेक्षा वेगळी आहेत आणि नवख्या मुलाला ती कोणी सांगत नाही.

पहिलं पत्त्याचं. अमेरिकेत ऑनलाइन खरेदी करताना बिलाचा पत्ता विचारतात आणि त्यातला घर क्रमांक व पिनकोडसारखा झिप क्रमांक बँकेच्या नोंदीशी ताडून पाहतात. गिफ्ट कार्डाला कोणाचाच पत्ता जोडलेला नसतो, त्यामुळे काहीही भरलं तरी जुळत नाही. उपाय असा की कार्डाच्या पाठीवर दिलेल्या संकेतस्थळावर जाऊन आपला झिप क्रमांक आधी नोंदवायचा आणि मग खरेदी करायची. पाच मिनिटांचं काम आहे आणि तिथल्या ऑनलाइन नकारांपैकी पुष्कळसे त्याने सुटतात.

दुसरं पेट्रोल पंपाचं. तिथे पंपावरच कार्ड लावून स्वतः पेट्रोल भरतात. किती भरणार हे आधी माहीत नसतं, म्हणून पंप मोठी रक्कम आगाऊ अडवून ठेवतो. २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने ही मर्यादा १२५ वरून १७५ डॉलरवर नेली. पन्नास डॉलरच्या कार्डाला ती झेपणार कशी? वीस डॉलरचंच पेट्रोल हवं असलं तरी नकार येतो. आत जाऊन काउंटरवर 'चार नंबरच्या पंपावर वीस डॉलर' असं सांगून आधी पैसे भरले की कार्ड चालतं. हॉटेलची खोली आणि भाड्याची गाडी यांनाही हेच लागू; तिथे गिफ्ट कार्ड देऊच नये. उपाहारगृहात बिलावर टिप येणार हे धरून बरेचदा वीस टक्के जास्तीची खात्री केली जाते, म्हणून ५० डॉलरच्या कार्डावर ४५ चं बिल अडतं. सुरक्षित जेवायचं तर चाळीसच्या आत.

आणि कार्डावर पिन ठरवलेला नसेल तर मशीनवर 'डेबिट' न दाबता 'क्रेडिट' दाबायचं. हे इतकं बारीक आहे की कोणी लिहून देत नाही.

तिथला कायदा मात्र ग्राहकाच्या बाजूने स्पष्ट आहे. २००९ च्या क्रेडिट कार्ड कायद्याची गिफ्ट कार्डांविषयीची कलमं २२ ऑगस्ट २०१० पासून लागू झाली: पैशांची मुदत निदान पाच वर्षं, आणि बारा महिने कार्ड न वापरल्याशिवाय पडून राहिल्याचं शुल्क नाही, तेही महिन्यातून एकदाच. यातली महत्त्वाची बाब अशी की प्लॅस्टिकवर छापलेली तारीख आणि पैशांची मुदत वेगवेगळी असू शकते. प्लॅस्टिकची तारीख गेली आणि पैसे जिवंत असले तर नवं कार्ड फुकट मागता येतं.

अमेरिकेत एडिसनला राहणाऱ्या मावशीने पुण्यातल्या भाच्याला पाठवलेलं कार्ड हा या दोन देशांमधला दुवा, आणि तो बहुतेक तुटतोच. अमेरिकेतल्या अशा बहुसंख्य कार्डांच्या पाठीवर 'फक्त अमेरिकेत ग्राह्य' असं छापलेलं असतं. भारतातल्या दुकानात ते नाकारलंच जाणार. ॲपल आणि गुगल प्लेच्या कार्डांना तर खात्याचा देशच जुळावा लागतो. अमेरिकेत घेतलेलं कार्ड भारतातल्या खात्यावर चढत नाही. उलट दिशेलाही तेच: आपल्या बँकांची गिफ्ट कार्डं साधारणपणे देशापुरतीच असतात. नात्यातल्या माणसाला भेट पाठवायची असेल तर त्याच्याच देशातलं कार्ड घ्यावं.

आता चोरीबद्दल. कार्डात पैसे होते, पहिल्यांदाच वापरलं आणि शिल्लक शून्य निघाली, तर हे बहुधा तेच. अमेरिकेत चोर दुकानातून टांगलेली कार्डं उचलून नेतात, पाकीट अलगद उघडून नंबर आणि पिन टिपतात, पिनवरची खरवडायची पट्टी नव्याने चिकटवतात, आणि कार्डं परत फळीवर टांगून जातात. कोणी ते विकत घेऊन चालू केलं की काही मिनिटांत पैसे काढून घेतले जातात. याविरुद्ध तिथल्या गृहसुरक्षा खात्याने २०२३ च्या अखेरीला 'प्रोजेक्ट रेड हुक' नावाची मोहीम सुरू केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराने 'व्हॅनिला' कार्डं चालवणाऱ्या इनकॉम कंपनीवर, पाकीट पुरेसं सुरक्षित नाही असा आरोप करत दावा लावला. मेरीलँड राज्याने २०२४ मध्ये कायदा करून सुरक्षित वेष्टन सक्तीचं केलं आणि तो १ जून २०२५ पासून अमलात आला. घेताना करता येण्यासारखं एवढंच: पाकिटाच्या कडा बोटांनी चाचपाव्या, गोंद उखडून पुन्हा लावलेला वाटला तर ते कार्ड ठेवून मागचं घ्यावं, आणि पावती कार्ड पूर्ण वापरून होईपर्यंत जपावी. पावती नसेल तर कार्ड आपण घेतलं हेच सिद्ध करता येत नाही.

आपल्याकडे चोरी वेगळ्या वाटेने होते. साहेबांचा फोटो लावलेल्या अनोळखी नंबरावरून व्हॉट्सॲपवर निरोप येतो: मीटिंगमध्ये आहे, तातडीने गिफ्ट कार्डं घेऊन कोड पाठव. नव्याने नोकरीला लागलेली मुलं यात हमखास सापडतात, कारण साहेबांना उलट विचारायची त्यांना भीती वाटते. कोड गेला की पैसे गेले. अशा वेळी तास-दीड तासाचं मोल असतं: १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा आणि कार्ड काढणाऱ्या बँकेला थांबवायला सांगावं. कोणतीही सरकारी कचेरी, वीज कंपनी किंवा पोलीस गिफ्ट कार्डाने पैसे घेत नाहीत, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नीट समजावून सांगायला हवं.

एकाच साखळीच्या कार्डांचा आणखी एक धोका म्हणजे दुकानच बुडणं. अमेरिकेतल्या बेड बाथ अँड बियाँड या साखळीने एप्रिल २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ८ मे नंतर तिची गिफ्ट कार्डं घेणं बंद झालं. लोकांना जेमतेम दोन आठवडे मिळाले. कार्ड जपून ठेवण्यापेक्षा लवकर वापरणं केव्हाही शहाणपणाचं.

मुदत संपलेल्या कार्डाबद्दल आपल्याकडे जी निराशा आहे ती मात्र अनाठायी आहे, आणि हे मला ठासून सांगायचं आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशांप्रमाणे प्रीपेड साधनाची मुदत निदान एक वर्ष असायला हवी. ती संपण्याआधीच्या ४५ दिवसांत धारकाला सावध करायचं असतं. तो निरोप पुन्हा खरेदीदाराच्याच फोनवर जातो, हे खरं. वर्षभर एकही व्यवहार झाला नाही तर कार्ड निष्क्रिय होतं, पण खातरजमा करून ते पुन्हा चालू करता येतं. गिफ्ट कार्डाची मुदत धारकाने मागितल्यास वाढवून देता येते, नवं कार्ड देऊनसुद्धा. बँक नसलेल्या कंपनीला तर उरलेली रक्कम मुदत संपल्यावर तीन वर्षं आपल्या नफ्यात धरता येत नाही, आणि मुदतीनंतर धारकाने परत मागितली तर ती बँक खात्यात द्यावी लागते. म्हणजे २०२४ ला संपलेलं कार्ड कपाटात सापडलं तर ते फेकू नये. कार्ड काढणाऱ्याला ईमेल करावा.

वापरून संपलेलं कार्डही लगेच फेकू नये. त्यावर घेतलेली वस्तू परत केली तर पैसे त्याच कार्डात येतात, आणि मर्यादा ओलांडली गेली तरी ते तिथे जमा करायचे असा नियमच आहे. कार्ड कचऱ्यात गेलं असेल तर परतावा कुठल्या नंबरावर आला ते शोधत बसावं लागतं.

फोनवर काम झालं नाही तर लेखी तक्रार. व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या कार्डाची तक्रार आधी कार्ड काढणाऱ्या बँकेकडे किंवा कंपनीकडे करायची. तिचं नाव कार्डाच्या पाठीवर सगळ्यात बारीक अक्षरात असतं आणि ते दुकानाच्या किंवा जाळ्याच्या नावापेक्षा वेगळं असतं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. नोव्हेंबर २०२१ पासून बँका आणि प्रीपेड कंपन्या एकाच लोकपाल योजनेखाली आहेत. अर्ज सीएमएस पोर्टलवर करता येतो, त्याला पैसे लागत नाहीत, आणि १४४४८ या नंबरवर माहिती मिळते. एकाच दुकानाचं बंदिस्त कार्ड असेल तर लोकपाल नाही; तिथे १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आणि त्यापुढे ग्राहक आयोग.

तक्रारीत कार्डाचे शेवटचे चार आकडे, व्यवहाराची तारीख-वेळ, दुकानाचं नाव, रक्कम आणि नकाराच्या चिठ्ठीचा फोटो द्यावा. पूर्ण नंबर, पिन, सीव्हीव्ही कधीच लिहू नये. आणि ईमेल शक्यतो ज्याने कार्ड घेतलं त्याच्याकडून, त्याच्या नोंदवलेल्या पत्त्यावरूनच जाऊ द्यावा, आपलं नाव त्यात कार्ड वापरणारा म्हणून घालून. कंपनीचं कार्ड असेल तर मनुष्यबळ विभागाला खरेदीच्या बिलाची प्रत जोडायला सांगावी. आपण एकट्याने पाठवलेल्या पत्राला बँक 'खरेदीदाराशी संपर्क साधा' असं एका ओळीचं उत्तर देते आणि त्यात महिना जातो. खरेदीदाराच्या नावाने आलेल्या पत्राला तेवढं म्हणून टोलवता येत नाही.